एका देवीला दोन नवस

माझ्या लहानपणी जी लढाई झाली ती आमच्यापैकी कोणीच पाहिली नाही. ती समुद्रापलीकडे अमेरिकेत चालली होती आणि आम्ही अमरावतीत, अंबादेवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर राहत होतो. तरी त्या तीन-चार वर्षांत आमच्या घरात कोणी दोन घटका स्वस्थ बसल्याचं मला आठवत नाही. लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून त्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं, एवढं बाबांनी आम्हाला एकदा समजावून सांगितलं होतं. लढाई लागली कशावरून, असं मायनं विचारलं तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले की दोन भाऊ आहेत, एक उत्तरेकडचा, एक दक्षिणेकडचा, आणि वाटणीवरून जुंपली आहे. मायला ते लगेच पटलं. तिच्या माहेरी वाटणीचं भांडण तिच्या आजोबांपासून चालू होतं आणि अजून मिटलं नव्हतं. त्या हिशेबानं ही लढाईही बरीच वर्षं पुरेल, असा तिला भरवसा वाटला.

आमची काळी जमीन वलगावच्या वाटेवर होती, पण बाबांनी त्या दिवसांत शेतीपेक्षा बाजारात जास्त लक्ष घातलं. ते गावोगावचा कापूस घेऊन आमच्या आवारात साठवत आणि भाव चढला की मुंबईकडे धाडत. पहाट फुटायच्या आधी अंजनगावाकडून, अचलपुराकडून कापसाच्या बैलबंड्या यायला लागत. त्यांच्या आसांचं कुरकुरणं मला अजून कानात ऐकू येतं. त्या आवाजानं आधी कुत्री उठत, मग बाबा, मग आम्ही सगळे. बाबा उठले की आवारात येरझारा घालायला लागत. दारात उभं राहून तार आली का विचारत, कोणी नाही म्हणालं तर स्वतःच बाजारात जात आणि परत येऊन तेच विचारत. त्यांच्या पायातल्या वहाणा घरातल्या घरातही निघत नसत. मायला ते आवडत नसे, पण तिलाही बोलायला सवड कुठे होती? बंडीवाले, दलाल, कोणाचा तरी मुनीम, असे दहा-बारा जण रोज पंगतीला. ज्वारीच्या भाकरींची चळत, तुरीचं घट्ट वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. आणि सगळ्यावर कापूस. त्याचे तंतू हवेत तरंगत असत आणि पाण्याच्या माठात, वरणात, माझ्या वेणीत, देवाच्या टाकांवर येऊन बसत. आम्ही भाकर खाताना ओठांवरचा कापूस काढायचा, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पुढे कित्येक वर्षं मी जेवताना उगाच ओठांवरून बोट फिरवत असे.

या सगळ्या धावपळीत एकच माणूस बेकार झाला होता, तो म्हणजे माझी येसूआत्या. ती बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती आमच्याकडे परत आली. तिची खोली चुलीमागे होती आणि खोलीत तिचा चरखा. ती फार बारीक सूत काढायची. कोष्ट्याच्या घरून बाई येऊन ते घेऊन जाई, आणि त्यातून आत्याची तंबाखू, तिच्या देवाचं तेल, माझ्यासाठी गुडदाणी, सगळं निघे. भावाच्या घरात राहून तिनं भावापुढे कधी हात पसरला नाही, याचा तिला अभिमान होता. कापसाला भाव आला तसं बाबांनी तिला एक दिवस सांगितलं की आता घरात कापूस उरणार नाही, चरखा माळ्यावर टाक. आत्यानं चरखा माळ्यावर टाकला. पण तिचे हात थांबले नाहीत. भाजी निवडून झाली की ती पदराचं टोक घेऊन दोन बोटांत पीळ देत बसायची, उलगडायची, पुन्हा पीळ द्यायची. तिचं एक लुगडं टोकाला असं दोरीसारखं होऊन गेलं होतं.

माझं लग्न आठव्या वर्षी अकोल्याला झालं होतं. तिकडचंही घर कापसाचंच. आता मी तेराव्यात होते आणि मला नांदायला कधी धाडायचं, याची बोलणी चालली होती. मला जायचं नव्हतं. नवऱ्याचा चेहरा आठवत नव्हता, आठवत होता तो सासूचा, आणि तोही फक्त नथीपर्यंत. बाबांनी अकोल्याला कळवलं होतं की यंदाचा माल निघाला की वैशाखात पोरीला थाटात पाठवू. थाट म्हणजे काय ते मायनं ठरवलं होतं. एक मोठी पितळी कड्यांची पेटी, तीत पैठणहून येणारी लुगडी, सासू-नणदांना खण, चांदीचे वाळे. माय नवीन आली तेव्हा तिच्या सासूनं तिची पेटी गल्लीतल्या बायका बोलावून त्यांच्यापुढे उघडली होती आणि एक-एक वस्तू वर धरून दाखवली होती. त्यात दाखवण्यासारखं फार काही नव्हतं. हे मायनं मला कधी सांगितलं नाही, आत्यानं सांगितलं. पण त्यावरून मला कळलं की मायला लढाई कशाला हवी होती.

त्या हिवाळ्यात मायनं अंबादेवीला नवस बोलला. अकरा मंगळवार ओटी भरायची आणि देवीकडे मागायचं की वैशाखापर्यंत ती लढाई चालू राहू दे. घरातली पंगत सोडून तिला जाता येत नव्हतं, म्हणून ओटी घेऊन मी जायचं ठरलं, गल्लीतल्या बायकांबरोबर. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मागणं मी देवीच्या कानावर घालायचं आणि दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही, अशी तिनं माझ्याकडून शपथ घेतली. मी ताट घेऊन मागच्या दारानं निघाले तर आत्यानं मला खोलीत ओढलं; चुलीमागून तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या हातात तेलाची छोटी कुपी आणि झेंडूची चार फुलं होती. ती म्हणाली की हे माझ्याकडून देवीला दे आणि सांग, ते दोघं भाऊ एक होऊ दे. आणि हे कोणाला सांगायचं नाही. तिचीही शपथ मी घेतली.

त्या पहिल्या मंगळवारी मी देवीपुढे उभी राहिले आणि मला काही सुचेना. एकाच तोंडानं दोन मागणी कशी मागायची? देवी काय समजेल? मागच्या बायका ढकलत होत्या. मी घाईघाईनं आत्याचं तेल वाहिलं, फुलं वाहिली, दोघा भावांचं म्हणून टाकलं, आणि मायचं ताट तसंच घेऊन देवळामागे गेले. तिथे एक मोडका चौथरा होता. त्यावर नारळ आपटून मी फोडला. खाववला तेवढा खाल्ला आणि उरलेला तिथल्या शेळ्यांपुढे टाकला. तांदूळही त्यांनाच दिले. खण देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या एका आंधळ्या बाईच्या मांडीवर ठेवला. मला जायचं नव्हतं, आणि लढाई चालली तर पेटी भरेल आणि जावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. देवळातून मिळालेली साखर मी घरी आणली. ती मायनं डोळे मिटून खाल्ली, आणि मागच्या खोलीत आत्यानंही डोळे मिटून खाल्ली. एकाच नवसाचा प्रसाद दोघी खात होत्या. असे मी एका मागोमाग एक नऊ मंगळवार काढले. नऊ नारळ खाऊन माझं पोट बिघडलं, तेव्हा मायनं मला ओवा दिला आणि म्हणाली की पोरीला सासरचा धसका बसलाय.

सध्या पुन्हा विलायतेकडे मोठी लढाई चालली आहे आणि माझा नातू संध्याकाळी मला पेपर वाचून दाखवतो. त्यालाच मी एकदा त्या जुन्या लढाईबद्दल विचारलं. त्यानं शाळेतून विचारून येऊन सांगितलं की तिकडे कापसाच्या शेतांत माणसं विकत घेऊन राबवत, बायाही, पोरंही, आणि भांडण त्यावरून होतं. बाबांना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. आम्हाला मात्र त्यांनी दोन भावांचीच गोष्ट सांगितली, आणि आम्ही ती गोष्ट धरून देवीपुढे भांडत राहिलो.

दहावा मंगळवार आलाच नाही. चैत्र संपत आला होता, ऊन असं की आवारातल्या मातीवर पाय ठेवला तर पोळायचं. भर दुपारी बाबा घरी आले. त्या वेळी ते कधी येत नसत. ओट्यावर बसले, आणि मी पहिल्यांदा पाहिलं, त्यांनी वहाणा काढल्या आणि बाजूला नीट ठेवल्या. मायनं पाणी आणलं. ते प्यायले आणि म्हणाले, “लढाई संपली.” तीन महिने भाव उतरतच होता, पण कोणाचा विश्वास बसत नव्हता, उलट उतरलेल्या भावात बाबांनी अजून घेतला होता. आवारात छपरापर्यंत कापूस भरलेला होता, त्यातला निम्मा उधारीवर घेतलेला. माय भिंतीला धरून खाली बसली. आत्या चुलीजवळ होती, तिचे हात पदरावर थांबले. बाबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

संध्याकाळपर्यंत मी आवारात फिरत होते. एका जागी उभं राहवत नव्हतं. मला पक्कं वाटत होतं की हे मी केलं. नऊ नारळ खाल्ले आणि तिकडची लढाई बंद पाडली आणि बाबांना भिंतीकडे तोंड करायला लावलं. आता याचं हसू येतं. माय आणि आत्या चुलीपुढे बसल्या होत्या, भाकर टाकलेली नव्हती. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नारळ, शेळ्या, आंधळी बाई, साखर. आणि सांगता सांगता आत्याचा नवसही माझ्या तोंडून निघून गेला.

मायनं मला मारलं. आयुष्यात एकदाच, पण चांगलं मारलं, लाटण्यानं. मग ती आत्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. “माह्याच घरात बसून माह्या पोरीच्या वाईटावर टपली होती का तू?” ती म्हणाली. “रिकाम्या पेटीनं जाईन आता पोरगी. माह्यासारखी. चार बायांपुढं.”

आत्यानं मान वर केली नाही. ती म्हणाली, “वाईटावर नाई टपली, वयनी. मले माह्यं काम पायजे होतं, हे खरं हाये. पन अजून एक सांगतो. हर मंगयवारी तू मागे की लढाई चालू दे. मले रोज वाटे, तिकडंबी कोनाची माय असंन, बहीन असंन. ते आपल्या देवाले काय मागत असंन?”

माय चुलीकडे वळली. तिनं पीठ काढलं आणि भाकरी थापायला लागली. त्या दिवसापासून ती आमच्या दोघींशी बोलली नाही. अकोल्याहून निरोप आला की मुलीला ठरल्या तिथीला पाठवा, मानपान काही नको. त्यानं तर ती आणखीच घाबरली. जी सासू काही नको म्हणते ती नंतर तोंडानं सगळं वसूल करते, असं तिचं म्हणणं, आणि ते ती आम्हाला न सांगता सांडग्यांच्या पिठाला सांगत होती. अंगणात खाटेवर सांडगे, कुरडया, पापड घालून घालून तिनं उन्हात स्वतःला भाजून घेतलं. पेटीत भरायला दुसरं काही नव्हतं. एकदा मी तिच्या हाताखाली काम करायला गेले तर तिनं पीठ माझ्यापासून लांब सरकवलं.

आठ-नऊ दिवस असे गेले. मग एका सकाळी आत्या अंगणात आली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसून कुरडई घालायला लागली. थोड्या वेळानं मला आपल्या बाजूला बोलावलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मायकडे न पाहता म्हणाली, “मी इचार करून रायली वयनी, तू या पोट्टीची चिंता कावून करतं? इनं नऊ नारय खाल्ले आन् सात समुद्रापारची लढाई बंद पाडली. अकोल्याची एक सासू हे काय. चिंता त्या बुढीनं कराव.”

मायनं ओठ घट्ट दाबले. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि मला वाटलं ती रडते आहे, तर ती हसत होती. हसता हसता ती खाली बसली आणि मग खरंच रडली. रडून झाल्यावर तिनं मला पुढ्यात घेतलं, माझी वेणी सोडली आणि तेल लावून इतकी घट्ट घातली की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या. त्या वेणीत तिनं कापूस शोधला, पण आता हवेत कापूस नव्हता. बंड्या यायच्या थांबल्या होत्या.

ज्येष्ठ लागायच्या आधी आम्ही बैलांच्या दमणीतून निघालो. पाठराखीण म्हणून गल्लीतली एक म्हातारी बरोबर होती, ती मूर्तिजापूरपर्यंत आली आणि ऊन लागून तिथेच आपल्या लेकीकडे राहिली. पुढचे दोन दिवस मी आणि बाबाच. रस्त्यानं दोन्ही बाजूंनी ढिगारे होते, कापसाचे, कोणी झाकलेसुद्धा नव्हते. बाबा पहिल्या दिवशी दिवसभर झोपले. मी त्यांना दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. दमणी खड्ड्यातून गेली तरी ते उठले नाहीत. बोरगावला विहिरीवर थांबलो, मायनं बांधून दिलेला रोडगा आणि गूळ खाल्ला, तेव्हा मी त्यांना विचारलं की त्या दोघांपैकी जिंकलं कोण. मला वाटलं होतं त्यांना माहीत असेल. तीन वर्षं ते दुसरं काही बोलले नव्हते.

बाबांनी हातातला गूळ परत फडक्यात ठेवला. मग म्हणाले, “मालूम नाई, बेटा. बाजारात कोनी इचारलंच नाई.”

अकोल्याला आम्ही दुपारी पोहोचलो. मोरणा नदीला पाणी असं नव्हतंच, बैल तिच्या रेतीतून चालत गेले. सासरच्या दारात बायका जमलेल्या होत्या, मला पाहायला आणि माझ्याबरोबरची पेटी पाहायला. माझी पेटी मोठी नव्हती आणि तिला पितळी कड्या नव्हत्या. तिच्यात दोन लुगडी, एक खण आणि बाकी सगळे सांडगे होते. एक बाई म्हणाली, उघडा की, पाहू अमरावतीवाल्यांनी काय दिलं. मी खाली पाहत होते, मला फक्त सासूची पावलं दिसत होती. ती पेटीजवळ आली. तिनं पेटी उचलायला सांगितली, आत ठेवायला लावली आणि बायकांना म्हणाली की पोरगी तीन दिवसांची उन्हात आहे, आता जा, उद्या या. आणि दार लावून घेतलं.

बाबा बाहेर सासऱ्यांबरोबर बसले. आत चुलीजवळ सासूनं मला पाट दिला. आमच्याकडे सासूला मामीजी म्हणतात, मी तसं म्हटलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मीही तिला पाहिलं. नथीच्या वरही एक चेहरा होता, थकलेला, आणि मी मनात धरलेल्या चेहऱ्यापेक्षा बराच लहान. तिनं भाकर वाढली, आमरस वाढला. मी खायला लागले. इतकी भूक लागली होती की मी नवीन सून आहे हे विसरून तिसरी भाकर घेतली. ती समोर बसून पाहत होती. मग हळूच, बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात, तिनं विचारलं, “अमरावतीकडं काय म्हनतात वं? ते लढाई पुन्हा लागंन का?”

माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला आणि म्हणाले, “नाई लागनार आता.”

“पक्कं?”

मी मान हलवली. कशावरून ते तिनं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? तिनं गुडघ्यावर हनुवटी ठेवली. बाहेर सासरे खोकले, बाबा काहीतरी म्हणाले. मला वाटलं आता ही रडेल किंवा मला बोलेल.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तीन वर्सं झाली, या घरात कोनी बसून जेवलं नाई.”

आणि फळीवरचं दुसरं ताट काढून तिनं ते पदरानं पुसलं, माझ्यासमोर मांडलं आणि बाहेरच्या पुरुषांची वाट न पाहता जेवायला बसली.